गुलाल एकाचा, दावे चौघांचे

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यापासून पार गडचिरोलीपर्यंत निवडून येणारा प्रत्येक सदस्य कागदोपत्री अपक्ष. कमळ, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, हात यांनी वेशीबाहेर थांबायचं आणि आत कपबशी, शिट्टी, ऑटोरिक्षा यांनी एकमेकांची डोकी फोडायची, अशी व्यवस्था.

ही व्यवस्था तहसीलच्या ठिकाणी मतमोजणी संपेपर्यंत टिकते.

मग दत्तकविधान सुरू होतं. सरपंचाच्या अंगावरचा गुलाल झटकायच्या आत ‘माणूस आपलाच हाय’ म्हणत चार ठिकाणांहून शाली येतात. जानेवारी २०२१ मध्ये १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला, डिसेंबर २०२२ मध्ये सात हजारांवर. दोन्ही वेळा निकालाच्या संध्याकाळी सत्ताधारी पहिले आले आणि विरोधकही पहिलेच आले. दुसरा नंबर घ्यायला कोणीच तयार नव्हतं. दरम्यान आधी शिवसेनेच्या आणि पुढे राष्ट्रवादीच्याही दोन-दोन झाल्या, त्यामुळे शाली वाढल्या. सरपंच तेवढेच राहिले.

नव्या सरपंचालाही हे चालतं. त्याच्या पॅनेलला कोणत्या तरी ग्रामदैवताचं नाव असतं, आणि त्यात तीन-चार पक्षांची माणसं भावकीच्या हिशेबाने बसवलेली असतात. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत चुन्याच्या रानात खडे वेचणाऱ्या भाविकाला कोणी पक्ष विचारत नाही. पॅनेल बांधणाराही विचारत नाही. त्याला वॉर्डातली घरं मोजायची असतात. पक्ष लागतो तो नंतर, रस्त्याला आमदारनिधी हवा असतो तेव्हा. त्यातून २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, म्हणजे तेव्हा सदस्याकडे जाऊन भांडायची सोयही गेली. उरला आमदार. मग ज्याचा निधी, त्याचा सरपंच.

काही गावांनी तर निवडणुकीचा खटाटोपच वाचवला होता. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत पदांचा जाहीर लिलाव झाला. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची प्रक्रिया रद्द केली. आता सरळपणाच्या दृष्टीने पाहिलं, तर लिलावात बोली निदान सगळ्यांसमोर लागली होती. एरवी ती ढाब्यावर लागते.

कायदाही या खेळात रसिकतेने सामील आहे. राज्याचा १९८६ चा पक्षांतरबंदी कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती इथल्या सदस्यांना लागू होतो. ग्रामपंचायतीचं नाव त्यात नाही. नसणारच, कारण पक्षच नसलेल्या माणसाने पक्ष सोडला हे सिद्ध करायचं कसं? तेव्हा येरमाळ्याच्या बाजूचा एखादा सदस्य सकाळी एका आमदाराच्या बॅनरवर, दुपारी दुसऱ्याच्या गाडीत आणि रात्री खासदाराच्या जेवणावळीत दिसला, तरी कायद्याच्या लेखी तो जागचा हललेला नसतो.