दुसऱ्या गियरवर 90

माझ्या नावावर सांगण्यासारखा पराक्रम एकच आहे. 1992 साली खंबाटकी घाट चढताना मी मारुती 800 दुसऱ्या गियरवर 90ने काढली आणि एका कॉन्टेसाला मागे टाकलं. ही गोष्ट मी मुंजीत सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, एकदा तर तेराव्यालाही सांगितली आहे. दरवेळी कॉन्टेसा थोडी आणखी नवी होत गेली आणि तिच्यातला माणूस थोडा आणखी माजोरडा. आकडा मात्र मी कधी वाढवला नाही. माणसाने कुठेतरी प्रामाणिक असावं.

परवा केळवणात मी नेमका कॉन्टेसाच्या मागच्या बंपरपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात भाचीने मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

“मामा, दुसऱ्याचा रेशो काय होता रे?”

“तेव्हा रेशोबिशो नव्हते,” मी म्हणालो. “तेव्हा गाडी हाताने चालवायचे.”

तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि लग्नपत्रिका पालथी घातली. गणेशाच्या बरोबर पाठीमागे तिने जे मांडलं ते असं. त्या गाडीत दुसरा गियर टाकला की इंजिनाचे 2.17 फेरे होतात तेव्हा गियरबॉक्समधून एक बाहेर पडतो. पुढे डिफरन्शियल त्याला आणखी 4.35ने भागतो. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाने सव्वानऊहून जास्त वेळा फिरायचं. चाकाचा घेर टायर धरून 1.6 मीटर. ताशी 90 म्हणजे मिनिटाला 1500 मीटर, म्हणजे चाकाचे 940च्या आसपास फेरे.

“म्हणजे इंजिनाचे 8800,” ती म्हणाली. “आणि त्याचा सगळा जोर 5500च्या आसपास संपतो. 8800ला तुझं बॉनेट कॉन्टेसाच्या पुढे गेलं असतं, पण एकटंच.”

शेजारची दोन माणसं हसली. त्यातला एक मुलाकडचा होता.

“अगं, पण काटा मी डोळ्यांनी पाहिला!”

तर म्हणे काट्याला रस्ता दिसत नाही. तो नुसते फेरे मोजतो आणि टायर कोऱ्या घेराचा आहे असं धरून वेग सांगतो. खऱ्यापेक्षा कमी दाखवायची त्याला बंदी, थोडा जास्त दाखवला तर माफ. “तुझे टायर कसे होते?” मी खरं बोललो. गाडी जुनी घेतलेली, टायर माझ्या आजच्या टाळूइतके गुळगुळीत. झिजलेल्या टायरचा घेर कमी, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी कमी पुढे जाते. इंजिन 5500ला धरून तिने मला आधी 56 दिले होते, त्यातला एक तिने टायरपोटी कापून घेतला. पंचपक्वान्नांच्या ताटावर मी 90चा 55 झालो.

आता इथे मला एसटीबद्दल बोलायचं आहे. विषय सुटला असं वाटेल, वाटू दे. जुन्या लाल गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं, रेक्झिनच्या झाकणाखाली, आणि त्या झाकणावर हमखास कुणाची तरी पिशवी शेकत पडलेली. गियरचा दांडा कोयत्यासारखा वाकलेला, मुठीवरचा आकडा घामाने पुसून गेलेला. आरपीएमच्या काट्याकडे कोण बघतो? घाटात खालचा गियर टाकायचा तर ड्रायव्हर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडून एक्सलेटरला एक टाच द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा खाली. खालच्या गियरला इंजिन जास्त फिरावं लागतं, ते आधी तेवढं फिरवून घेतलं नाही तर दात एकमेकांवर खरडतात. हे सगळं कानावर. तंबाखू मळता मळता. आम्हा प्रवाशांनाही गियर कळायचा. पहिल्यावर सीट हलायची, दुसऱ्यावर काचा वाजायच्या, तिसऱ्यावर कंडक्टरची पत्र्याची पेटी, आणि टॉप पडला की समोरच्या म्हातारीचा डोळा लागायचा. घाट संपल्याची पाटी मी आजवर वाचलेली नाही, म्हातारी झोपली की संपला.

हे सगळं मला माहीत, कारण अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये गियरबॉक्सवर होते. 31 वर्षं. ओसरीवर बसून, रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा कितवा दात बसलाय ते सांगायचे. नखांतलं ग्रीस दिवाळीच्या उटण्यालाही दाद देत नसे.

आणि त्या दिवशी खंबाटकीत ते माझ्या शेजारी बसले होते.

हे मला केळवणाहून परतताना, सिग्नलला उभा असताना सुचलं, आणि मी खरोखर चिडलो. पुढची 25 वर्षं मी ही गोष्ट त्यांच्यासमोर सांगत आलो. 90 म्हटलं की साक्षीसाठी त्यांच्याकडे बघायचो. ते सुपारी कातरत म्हणायचे, “हो, चांगली पळवली होती.” ज्या माणसाला भाचीचं सगळं गणित पत्रिका पालथी न घालता येत होतं, त्याने मला चारचौघांत खुशाल मूर्ख होऊ दिलं? एकदा बाजूला घेऊन सांगायचं, की बाबा रे, आकडा जरा कमी कर. आता ते नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. मागचा हॉर्न वाजवत होता. मी घाईत तिसरा टाकला, गाडी गचका खाऊन बंद पडली.

घरी आल्यावर माळ्यावरची त्यांची ट्रंक काढली. अण्णा खिशातल्या डायरीत रोज दोन ओळी लिहायचे, बहुतेक पेट्रोल, दूध आणि पाऊस. 1992ची सापडली. साताऱ्याच्या दिवसाखाली पेन्सिलने लिहिलं होतं :

“पेट्रोल 8 लि. घाटात चि. तिसऱ्यावरच ओढतो, दुसरा टाकतच नाही. इंजिन गुदमरतं. आज बोलू नये, खूश आहे.”