दिल्लीपेक्षा लोहगाव लांब

नकाशावर सरळ रेघ ओढली, तर पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर भरतं. प्रवासी विमान एकदा वर गेलं की ताशी आठशे किलोमीटर सहज कापतं. म्हणजे चौथीतल्या पोराच्या गणिताने दीड तासाच्या आत दिल्ली! वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या वर वेळ छापलेली असते. कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, ते पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, दिल्लीवर घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबई तर सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर, हिशेबाने दहा मिनिटं. पण तेवढ्यात विमानाला धड वर जाताही येत नाही, तोच उतरायची वेळ होते. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनला या स्पर्धेत अजून घाम फुटलेला नाही, तो उगाच नव्हे.

हा झाला विमानाचा हिशेब. पुणेकराचा हिशेब आदल्या रात्री सुरू होतो. आमच्या शेजारचे काका आधी नुसते वजनकाट्यावर उभे राहतात, मग बॅग उचलून उभे राहतात आणि वजाबाकी करतात. पंधरा किलोवर दोनशे ग्रॅम निघाले की काय काढायचं यावर घरात परिसंवाद झडतो. बाकरवडीला हात लावायची कुणाची टाप नसते. शेवटी काकांचा स्वेटर निघतो, तोही जानेवारीत दिल्लीला जाताना.

मग प्रवास. सिंहगड रस्ता, दांडेकर पूल, स्वारगेट, बंडगार्डन, येरवडा. प्रत्येक सिग्नलला काका घड्याळ बघतात आणि रिक्षावाला काकांकडे. २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोचली खरी, पण तिथून पुढे पुन्हा रिक्षावाल्याचीच मर्जी. त्याच वर्षी जुलैत नवं टर्मिनल सुरू झालं. ऐसपैस आहे, झकास आहे. धावपट्टी मात्र हवाई दलाची. लोहगावचा तळ १९३९ सालचा, त्यामुळे मालक ते आणि आपण भाडेकरू. भाडेकरूने किती घाई करायची, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. देहूहून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर; तुकोबा तिथे कीर्तनाला येत, तेही पायी. विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला, हे उचितच झालं. पण त्यांना न्यायला वैकुंठाचं विमान थेट देहूला आलं, अशी आपली श्रद्धा. तेवढी पुण्याई गाठीशी नसलेल्यांना लोहगावपर्यंत जावंच लागतं, आणि तेही दोन तास आधी.

तेव्हा दिल्ली विमानाने किती लांब, असं कुणी विचारलं तर आकडे सांगायची घाई करू नका. आधी विचारा, राहता कुठे? विमाननगर म्हणाला, तर दिल्ली दोन तासांवर आहे. धायरी म्हणाला, तर अंतर सांगण्यातही वेळ घालवू नका. त्याला म्हणावं, बाबा रे, तू आधी नीघ.