बढतीचा शिंदेशाही नमुना

ग्वाल्हेरच्या होतकरू विक्री अधिकाऱ्याने बढतीसाठी चाळीस स्लाइडांचे सादरीकरण करावे, हे स्तुत्यच. मात्र आदर्श घरचाच घ्यावा. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हा किताब घेऊन पुण्यात आले. भेटीत त्यांनी काखेतून नवे जोडे काढले आणि धन्याचे जोडे सांभाळणे हेच आमचे वडिलोपार्जित काम, असे नम्रपणे सांगितले म्हणतात. किताब धन्याला, नायबी स्वतःकडे. फौज आणि दिल्ली आधीच मुठीत.

सबब, पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर साहेबांचा फोटो असावा. मधल्या अडतीस स्लाइडांत साहेबांच्या बुटांचे माप, रंग व पॉलिशचे वेळापत्रक द्यावे. विक्रीचे आकडे वगळावेत. त्यांनी विषयांतर होते. फौजेची तजवीज सवडीने करता येईल. एवढी तयारी झाली की बढती निश्चित.

साहेबांची.