दर्या खंय आसा?

आमचे व्याही मालवणचे. लग्नाच्या बोलणीत मी उत्साहाच्या भरात म्हणून गेलो, "म्हणजे आपण दोघंही कोकणातलेच की!"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमचं गाव?"

"मुरबाड."

"मग समुद्र किती लांब?"

या प्रश्नाला शहापूर-मुरबाडचा माणूस जन्मभर घाबरून असतो. सरकारदरबारी आम्ही कोकण विभागातच. पाऊस कोकणाचा, भात कोकणाचा, समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला. पूर्वी निदान डहाणू-वसईच्या जोरावर ठाणे जिल्हा म्हणून मिरवता यायचं. १ ऑगस्ट २०१४ ला भावकीत वाटण्या झाल्या, पालघर वेगळा निघाला आणि जाताना जवळजवळ सगळा किनारा घेऊन गेला. जिल्ह्याकडे उरला उत्तनचा तुकडा आणि खाडी. शहापूरच्या बाजूला नाव सांगायला मोडकसागर आहे. पण तो सागर गोडा, आणि तोही पाइपातून मुंबईला नांदायला गेलेला.

लग्न लागलं, पण तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. शेवटी थंडीत व्याही म्हणाले, "एकदा दाखवा तरी तुमचं ते कोरडं कोकण."

माळशेजला न्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पावसाळ्यात तिथे धबधब्यापेक्षा माणसं जास्त कोसळतात, आणि एरवी तिथे थांबतो तो फक्त गाडीत मळमळणारा. मी नाणेघाट निवडला. तोही खालून, वैशाखऱ्याच्या बाजूने, पायी. जुन्नरकडून गाडी थेट माथ्यावर जाते, हे बोललो नाही. व्याह्यांना सगळंच आधी सांगायचं नसतं.

कल्याणला एसटीत बसलो. शेजारच्या बाकावरच्या मावशींनी फडक्याने बांधलेली पाटी पायात घट्ट धरली होती. व्याह्यांचं नाक एकदा हललं, पण डिझेलचा भपकारा आला आणि विषय तिथेच राहिला.

"फिराया निघालेत?" मावशींनी विचारलं.

"नाणेघाट दाखवतोय पाहुण्यांना."

"डोंगुर व्हय? त्यात काय बघायचं?" असं म्हणून त्या मुरबाडला उतरल्या. आमच्याकडे पर्यटनाचा विकास का झाला नाही, याचं याहून थोडक्यात उत्तर मी ऐकलेलं नाही.

वैशाखऱ्याच्या पुढे उतरून चढायला लागलो. पहिला तास व्याही करवंदीच्या जाळ्यांची चौकशी करत होते. दुसऱ्या तासाला ते फक्त श्वास घेत होते. एका गुराख्या पोराला त्यांनी विचारलं, "अजून किती?"

"आलंच की."

मुरबाडात 'आलंच' हे अंतराचं माप नाही, धीर देण्याचं आहे. मुरबाडची रेल्वेसुद्धा मी शाळेत होतो तेव्हापासून 'आलीच' आहे.

दगडी पायऱ्या चढून अखेर लेण्यात टेकलो. सातवाहनांची ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. वर नावं कोरलेली आहेत, खाली पावलांच्या खुणा. मधला माणूस काळाने नेला. व्याही बराच वेळ पाहत राहिले. "आमच्या लग्नाच्या फोटोग्राफरनं असेच काढले होते," म्हणाले.

बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लेख, लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. मी गाइडाच्या थाटात सांगितलं, की यात यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं यांची यादी आहे, तीही आकड्यांसकट. भारतातल्या फार जुन्या आकड्यांपैकी काही इथले.

"म्हणजे देण्याघेण्याची याद," व्याही गंभीर झाले. "आणि लिहून कोणी ठेवली? बाईनं. दगडात!" मग थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "हे घरी सांगू नका. आमच्या हिला भिंती कमी पडतील."

खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. व्याह्यांनी वाकून पाहिलं. तळाला वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. "वसुली घटलेली दिसते," म्हणाले. खिंड ओलांडली की तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. तिथे उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "संपलं तुमचं कोकण. आता सांगा, दर्या खंय आसा?"

आम्ही नानाच्या अंगठ्यावर गेलो. खालून हा कडा खरोखर वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. वरून खाली पाहिलं तर पोटात गोळा येतो आणि समोर अख्खा मुरबाड तालुका पसरलेला असतो. पश्चिमेला धुरकट पट्टा होता. मी तिकडे बोट केलं. "तिथे कल्याण. तेव्हा ते बंदर होतं. गलबतांतला माल तिथे उतरायचा, बैलांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. समुद्र नसता तर या कड्यात एवढा घाट खोदायला कोण आलं असतं? आणि रांजण भरला असता कशाने?"

"म्हणजे तुमचा समुद्र बैलावरून येत होता?"

"येत होता."

"आणि आता?"

आता काय, याचं उत्तर मला उतरतानाही सुचलं नाही. गुडघे बोलत होते, आम्ही गप्प होतो.

मुरबाडला एसटी बदलायला उतरलो तर दिवेलागण झाली होती. व्याह्यांचं नाक पुन्हा हललं. या वेळी मध्ये डिझेल नव्हतं. ते सरळ रस्ता ओलांडून गेले. सकाळच्या मावशी पाटीचं फडकं झटकत होत्या. तळाशी जवळा आणि मूठभर सुके बोंबील उरले होते.

"मावशी, खयचे?"

"वसईचं," मावशी म्हणाल्या. "बघून आलेत डोंगुर?"

"बघितला." व्याह्यांनी एक बोंबील उचलून हुंगला आणि माझ्याकडे वळून न पाहता म्हणाले, "पाव किलो तुमचा समुद्र घेतो. लहान आहे, पण आहे."