सव्वीस देशांचा घरजावई

आमच्या बेंबळीत घरजावयाला चहा मिळतो, पण त्यात साखर किती घालायची हे सासरा ठरवतो. अशा गावात वाढून मी एका घरचा नव्हे, सव्वीस देशांचा घरजावई झालो. आणि तेही रीतसर कायद्यानं.

युरोपियन संघाचा 2004 सालचा एक निर्देश आहे, क्रमांक 38. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात कामाला गेला, तर त्याचा नवरा किंवा बायको जगातल्या कुठल्याही गावची असो, तिथं राहायचा आणि नोकरी करायचा हक्क तिलाही मिळतो. हक्क येतो तो जोडीदाराच्या पदराला धरून. पदर बायकोचा, धरणारा मी. तिची नोकरी गेली आणि कनवटीला पुरेसे पैसे नि आरोग्य विमा नसला, तर माझंही आसन डळमळलं.

बायको मडगावची, पासपोर्ट पोर्तुगालचा. तिचे आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून पोर्तुगालचे नागरिक. तो धागा धरून नातवंडांनाही नागरिकत्व मिळवता येतं. माझे आजोबा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची रयत. तिच्या आजोबांचा हुकूमशहा सालाझार नातीच्या कामी आला. आमच्या निजामानं मागं ठेवलं ते जिल्ह्याचं नाव, आणि तेही 2023 साली बदललं. त्यामुळं माझा विवाह दाखला उस्मानाबादचा आणि नव्यानं काढलेला जन्मदाखला धाराशिवचा. दोन्हीकडचा माणूस एकच, हे पटवायला राजपत्राची प्रत जोडली. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. तिला कुठं जायचंय!

सत्ताविसावा देश पोर्तुगाल. तिथं बायको घरचीच, म्हणून हा निर्देश थेट लागू नाही. तिथं पोर्तुगालचा कायदा. त्यातूनही वाट आहे. सुरिंदर सिंग नावाचा भारतीय ब्रिटिश बायकोबरोबर जर्मनीत काम करून ब्रिटनला परतला आणि 1992 साली युरोपच्या न्यायालयानं सांगितलं, असं परतलेल्याच्या जोडीदाराचा हक्क बुडत नाही. निकाल लागेपर्यंत दोघांचा घटस्फोट झाला होता. हे सगळं मी बायकोला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जेवून घे."

तिला हॅम्बुर्गला नोकरी लागली नि ती पुढं गेली. मी मागं राहून पुण्यात जर्मन शिकलो, कारण जर्मन माणसाच्या बायकोला किंवा नवऱ्याला व्हिसासाठी जर्मनची पहिली परीक्षा द्यावी लागते, हे मला चार जणांनी सांगितलं होतं. जर्मनमध्ये चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. मी सुट्टीला गावी आलो की ताटावर बसून हे मोठ्यानं घोकायचो. आई काळजीनं बघायची. प्रमाणपत्र लॅमिनेट करून व्हिसाच्या खिडकीवर सरकवलं, तर पलीकडच्या बाईनं ते जसंच्या तसं परत केलं. ही अट जर्मनांच्या जोडीदारांना. पोर्तुगीज बायकोच्या नवऱ्याला नाही. म्हणजे जर्मनीत जर्मन माणसापेक्षा माझ्या मडगावकरणीचं पारडं जड. वर व्हिसाची फी शून्य. पण फुकटची वस्तू अस्सल असते यावर आमच्या घराण्यात कुणाचा विश्वास नाही, म्हणून मी आधीच एका एजंटाला 'युरोप पेशल फाईल'चे पैसे मोजून ठेवले होते. त्यानं त्या पैशात मला एक पिवळी फाईल दिली.

खरी गंमत पुढं झाली. भारत 2005 साली एकमेकांचे दाखले मान्य करण्याच्या हेगच्या अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीनं तेव्हाच हरकत घेतली. आपला अपोस्टिलचा शिक्का तिथं चालत नाही. शंका आली की माणूस गावात पाठवून कागदांची खातरजमा करतात. तसा एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ बगलेत फाईल मारून आमच्या दारात आला. त्या दिवसांत माझ्या मोटारसायकलचे हप्ते थकले होते. मी खिडकीतून फाईल पाहिली, चुलतभावाला खूण केली आणि ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसलो.

"हे इथंच राहतात ना?"

"न्हाई साहेब. गाव सोडून गेलं ते."

"आणि बायको?"

"बायको कुठली? लगीनच झालं न्हाई त्याचं. कोण पोरगी देतंय?"

शेवटचं वाक्य त्याच्या पदरचं. कणगीमागं मला 'विवाह', 'जर्मनी', 'दाखला' असे शब्द ऐकू आले आणि घाम फुटला. बाहेर यावं, तर गाव सोडून गेलेला माणूस घरातून कसा निघणार? तेवढ्यात हाटेलवाले तात्या उधारी मागायला आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि भडकले. "लगीन झालं न्हाई कसं? कोर्टात झालं! म्हैनाभर नोटीस लावली हुती बोर्डावर, सगळ्या गावानं वाचली. जेवाण मात्र कुणालाच दिलं न्हाई!" त्या गृहस्थानं हे बहुधा लिहून घेतलं, कारण व्हिसा आला. जेवणाची उधारी तात्यांनी चहाच्या खात्यात चढवली.

हॅम्बुर्गला पोचल्यावर तीन महिन्यांत रहिवासाच्या कार्डासाठी अर्ज करायचा. अर्जाची पोच लगेच, कार्ड सहा महिन्यांच्या आत. कामाचा हक्क कार्डामुळं येत नाही, तो आधीपासून असतोच. कार्ड नुसती साक्ष. हे मी एका हॉटेलच्या मालकाला माझ्या लॅमिनेटेड जर्मनमध्ये समजावलं. त्याला वाटलं मी सुऱ्या विकायला आलोय. मग बायकोनं फोन केला, दोन मिनिटं बोलली, आणि मी दुसऱ्या दिवशी भांडी घासायला रुजू झालो.

आता वडिलांना बोलवायचा विचार आहे. याच निर्देशात जोडीदाराच्या आईवडिलांनाही जागा आहे. अट एवढीच की ते आमच्या पैशावर अवलंबून आहेत हे दाखवावं लागतं. पुरावा म्हणून बँकेचं पासबुक काढलं. त्यात देवाणघेवाण भरपूर निघाली, पण सगळी सोयाबीनच्या पट्टीतून माझ्या खात्यात आलेली. वडिलांना फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग तू इकडं ये. तुझे कागद तयारच हायेत."