मंगेशचं पथ्य

पोपट काय खातो, हे महाराष्ट्रात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. पेरू आणि हिरवी मिरची. अंकलिपीतल्या चित्रात, रांगोळीत, पाळण्यावर टांगलेल्या चिमण्या-पोपटांच्या झुंबरात हा ठराव केव्हाच मंजूर झालेला आहे. गंमत अशी, की पेरू काय किंवा मिरची काय, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मागोमाग ती आपल्याकडे आली. त्याआधी शेकडो वर्षं आपला राघू पेरूशिवाय आणि मिरचीशिवाय सुखाने जगत होता, आणि मिरचीवाचून ओळखू न येणारा आपला रस्साही तेव्हा मिऱ्यांवरच भागवत होता. नव्या चवीला दोघेही एकाच सुमारास लागले. फरक एवढाच, की मिरचीने आपल्या डोळ्यांतून पाणी निघतं आणि पोपट ती एखाद्या विरक्त पुरुषाच्या चेहऱ्याने चावत बसतो. तिखटाची आग शरीराला कळते ती नसांमधल्या एका ग्राहकामुळे. तो शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला तोच ग्राहक मिरचीला दादच देत नाही. मिरचीच्या झाडाचा हेतू असा असावा, की सस्तन प्राण्यांनी दूर राहावं आणि पक्ष्यांनी फळ गिळून बिया दूरवर टाकाव्यात. पोपट मात्र फळ घेतो आणि बियाही फोडून खातो. उपकाराची परतफेड हा त्याच्या स्वभावातला भाग नव्हे.

मग पेरूच्या आधी राघू काय खात होता? याचं एक उत्तर सातव्या शतकातल्या बाणभट्टाने देऊन ठेवलं आहे. ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या दरबारात वैशंपायन नावाचा पोपट येतो. सगळी शास्त्रं जाणणारा, श्लोक रचणारा. राजा त्याला जन्मकथा विचारणारच असतो, पण त्याआधी एखाद्या भल्या यजमानासारखा तो विचारतो, अंतःपुरात काही खाल्लंस की नाही? वैशंपायन जे सांगतो, त्याचा आशय असा: जांभळाचा रस पोटभर प्यालो, डाळिंबाचे दाणे फोडले, आवळे चोचीने चुरले, आणि काय काय सांगू, राण्यांनी आपल्या हातांनी जे जे दिलं त्याचं अमृतच झालं. यादी उत्तम आहे, आजच्या पक्षिवैद्यानेही फार खोडली नसती. मला घोर लावते ती शेवटची पुस्ती. प्रेमाच्या हाताने दिलेल्या सगळ्याचं अमृत होतं, अशी आपली तेराशे वर्षांची समजूत आहे, आणि आमच्या घरातले सगळे तंटे या एका समजुतीवर आहेत.

आमच्या घरी मंगेश आहे. तो आपला हिरवा राघू नव्हे. भारतीय पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मंगेश कॉकटील जातीचा. मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या आतला कोरडा प्रदेश; जन्म मात्र पुण्यातल्याच कुणाच्या तरी गॅलरीत. अंगाने राखाडी, डोक्यावर तुरा, आणि दोन्ही गालांवर असे नारिंगी ठिपके, की जणू रंगपंचमीहून आत्ताच परतला आहे आणि तोंड धुवायचं राहिलं आहे. मुलीने त्याचं नाव मँगो ठेवलं होतं. माझ्या आईच्या तोंडात ते टिकलं नाही. पहिल्याच दिवशी तिने त्याचा मंगेश केला आणि कुलदैवताच्या नावाने हाक मारल्यावर त्याला उपाशी ठेवणं तिला शक्यच उरलं नाही.

दुकानदाराने पक्ष्याबरोबर एक पिशवी दिली होती. राळे, बाजरी, थोडी करडई आणि भरपूर सूर्यफुलाच्या बिया. मंगेश लग्नाच्या पंगतीत पुलावातले काजू तेवढे वेचणाऱ्या पाहुण्यासारखा सूर्यफुलाच्या बिया उचलायचा आणि बाकीचं धान्य चोचीने बाजूला उडवायचा. आम्हाला त्याचं कौतुक. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना नव्हतं. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत निम्मा ऐवज तेलाचा असतो, त्यांनी सांगितलं. त्यात कॅल्शियम तुटपुंजं आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. रानातला कॉकटील गवताच्या बियांसाठी आणि पाण्यासाठी मैलोन् मैल उडतो, त्याला तेल परवडतं. दिवाणखान्यातला कॉकटील पडद्याच्या दांडीवरून पिंजऱ्यापर्यंत उडतो. यकृतावर चरबी चढते. हे ऐकताना मी उगाच खिडकीबाहेर पाहत होतो, कारण माझ्या स्वतःच्या डॉक्टरांनी जवळजवळ हेच शब्द वापरले होते, फक्त सूर्यफुलाच्या जागी शेव होती.

“आमचा वाईचा राघू जन्मभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ खायचा,” आई म्हणाली. “आणि चहात बुडवलेलं बिस्किट. काही झालं नाही त्याला.”

“किती वर्षं होता, आजी?” डॉक्टरीणबाईंनी फार मायेने विचारलं. नीट सांभाळला तर राघू वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो, हे त्यांना माहीत असणार.

आईने थोडा विचार केला. “मी तिसरीत होते तेव्हा आणला होता,” ती म्हणाली, “आणि चौथीत गेले तेव्हा तो उडून गेला. आमचे वडील म्हणाले तसं.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. आईने पर्स उघडून रुमाल शोधला, आणि मंगेशने वजनकाट्यावर बसून एक लांब शीळ घातली. वजन भरलं ९२ ग्रॅम.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर दोन तक्ते आहेत. एक माझा, एक मंगेशचा. दोन्हींत पालेभाजी जास्त, स्निग्ध कमी, गोड अगदी बेताचं. मुख्य अन्न म्हणून मंगेशला पेलेट, म्हणजे धान्य, जीवनसत्त्वं आणि क्षार एकत्र करून केलेल्या गोळ्या; कारण त्यांतून आवडीचं तेवढं वेचून बाकीचं फेकता येत नाही. त्या गोळ्या पहिल्यांदा पाहिल्यावर त्याने एक उचलली, पाण्याच्या भांड्यात नेऊन बुडवली आणि मागे सरून तिचं काय होतं ते पाहत बसला. तिचा लगदा झाला. संशय खरा ठरल्यावर सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. अशा वेळी हट्टाला पेटून ‘भूक लागली की खाईल’ म्हणायचं नाही, ही ताकीद आम्हाला होती. लहान पक्षी अनोळखी पदार्थाला अन्नच समजत नाही आणि भरल्या वाटीशेजारी उपाशी राहतो. म्हणून जुन्या बियांत नव्या गोळ्या थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या, आठवड्यांचं काम. रोज सकाळी खाण्याआधी वजन घ्यायचं, आणि ते दहाव्या हिश्शाने उतरलं तर सरळ दवाखाना गाठायचा. मुलीने केक करण्यासाठी आणलेला ग्रॅमचा काटा या कामी लागला. माझ्या वजनाचा काटा पलंगाखाली आहे, तो तिथेच बरा आहे.

वाटीचीही एक लबाडी असते. पोपट बी सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो. वरून पाहावं तर वाटी काठोकाठ भरलेली, आणि आत एक दाणा नाही. या फसवणुकीने कितीतरी प्रेमळ घरांतले पक्षी उपाशी राहिले असतील. आमच्याकडे हे खातं आईकडे गेलं. ती वाटी बशीत ओतते, बशी किंचित तिरपी धरते आणि अशी पाखडते, की टरफल गॅलरीबाहेर आणि दाणा बशीत. धान्य पाखडायची ही तिची कला गेली कित्येक वर्षं निवडून पाकिटात आलेल्या तांदळाने बेकार करून ठेवली होती.

भाजीचं प्रकरण नाजूक होतं. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, असं सगळं बारीक चिरून ठेवावं. पालक अधूनमधून, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. आम्ही ठेवलं. मंगेशने मेथीच्या ओल्या जुडीवर लोळून आंघोळ केली, पिसं साफ केली आणि निघून गेला. आपल्या जिभेवर स्वादकलिका हजारोंनी. पोपटाच्या तोंडात जेमतेम तीन-चारशे. “तेवढ्यावर एवढी नाटकं!” आई म्हणाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. पोपट थव्यात जेवणारा प्राणी आहे. जे खाऊन शेजारी मेला नाही, ते अन्न. तेव्हा तुम्हीच त्याच्यासमोर भाजी खा, आणि आवडीने खा.

आता आमच्या घरात सकाळी साडेसातला एक मध्यमवयीन गृहस्थ पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून कच्चं गाजर खातो. “वा, काय गाजर आहे!” असं मोठ्याने म्हणतो. मेथीचं पान तोंडात घालून डोळे मिटतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला भालदाराच्या वर कधी भूमिका मिळाली नाही. तो बॅकलॉग मी आता भरून काढतो आहे. पुष्कळ दिवस प्रेक्षागृह थंड होतं. मग एका सकाळी मंगेश माझ्या मनगटावर उतरला, माझ्याच हातातल्या गाजराची एक कणी काढली आणि तुरा उभा करून चावू लागला. माझी रक्तातली साखर दोन महिन्यांनी खाली आली, त्याचं श्रेय माझ्या डॉक्टरांनी गोळ्यांना दिलं.

अशा वेळी मला मंगळवेढ्याकडचं काकांचं शेत आठवतं. शाळूची कणसं दुधावर आली, की राघूंचे थवे उतरायचे. पोपट जेवढं खातो त्याहून जास्त नासवतो. एक कणीस दोन ठिकाणी चोखायचं, टाकायचं, पुढच्यावर जायचं. काका मचाणावर गोफण घेऊन, आणि आम्ही पोरं खाली तेलाचा रिकामा डबा बडवत, घसा फाटेपर्यंत हाकारे घालत. गोफणीचा दगड सुटला, की सगळा हिरवा थवा एकदम उलटा होऊन आकाशात सांडायचा. काका शिव्या द्यायचे आणि हात कपाळावर आडवा धरून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहायचे. ‘खाऊ नका’ म्हणून ओरडणारा तो घसा आता ‘खा रे राजा’ म्हणून आर्जवं करतो. काका असते तर त्यांनी गोफण माझ्यावर चालवली असती.

नुसतं वाटीत वाढूनही भागत नाही. रानात पोपटाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. घरात वाटी पंधरा मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस अंगावर येतो. मग पक्षी किंचाळतो, स्वतःचीच पिसं उपटतो. म्हणून राळ्याचं कणीस कागदात गुंडाळून लपवायचं, भाजी तारेला टांगायची, त्याला कष्टाला लावायचं. फुकटचं समोर असतानाही काही पोपट मिळवून खाणं पसंत करतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे. मी सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली; मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मंगेशची मुख्य जेवणं दोन, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, कारण रानातही तीच वेळ. चिरलेलं फळ आणि भाजी आपल्या उन्हाळ्यात दोन तासांवर ठेवायची नाही. बुरशी धरलेला शेंगदाणा विषासमान. चॉकलेट, चहा, कॉफी, मीठ, कांदा बंद. अव्होकाडो तर मुळीच नाही, त्यातलं पर्सिन पक्ष्याचा जीव घेतं. “साबणासारखं तर लागतं ते,” आई म्हणाली, “आपल्याकडे कोण खातंय?” सगळ्यांत मोठा विजयही तिचाच झाला. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, हे कळल्यावर माळ्यावरचा तिचा बिडाचा तवा खाली आला. घावनं आता पुन्हा त्यावर होतात, आणि ती करताना आई पिंजऱ्याकडे पाहून अशी मान हलवते, की जणू हे सगळं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

फक्त दुपारी चारला अजून थोडी धाकधूक असते. आई चहा घेऊन बसते, मंगेश दांडीवरून तिच्या खांद्यावर येतो, बशीकडे पाहतो, मग तिच्याकडे. तिचा हात बिस्किटाशी थांबतो. मग ती समोरच्या डब्यातून भोपळ्याची एक फोड उचलते, आधी स्वतः चावते, तोंड वाकडं न करता, आणि उरलेली त्याच्यापुढे धरते. तुमच्याही घरी पोपट असेल तर इतकंच सांगायचं आहे: तो मान तिरकी करून पाहील, तुरा पाडेल, गालाला गाल लावेल. चहातलं बिस्किट देऊ नका.