बोटीवर येणाऱ्या पुढच्या यंत्रास अनावृत पत्र

माननीय पुढचे यंत्र यांस,



आपलं नाव अजून ठरलेलं नाही. आपण मासे दाखवणार, वादळ दाखवणार की आम्हालाच कुणाला तरी दाखवणार, तेही जाहीर व्हायचं आहे. पण आपण येणार, याबद्दल सातपाटीच्या बंदरावर कुणालाच शंका नाही. दर थोड्या वर्षांनी कुणी ना कुणी येतंच. तेव्हा मागाहून गैरसमज नको म्हणून आमच्या केबिनच्या पाईपाविषयी आधीच चार शब्द कळवून ठेवतो.

मी वायरमन. एरवी तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत काम करतो. तिथे केबलला ऐसपैस ट्रे असतो, ट्रेचा नकाशा असतो आणि नकाशावर कुणाची तरी सही असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी खाडीत शाकारलेल्या. ते दोन महिने माझा मुक्काम सातपाटी, मुरबे, दांडी या गावांत. बोटीला नकाशा नसतो. ती सुताराच्या डोक्यात असते, आणि तो सुतार आता दुसऱ्या कुणाची तरी बोट बांधत असतो.

तर पाईप. डेकखालून केबिनमध्ये वायरी नेण्यासाठी बोट बांधतानाच एक पीव्हीसी पाईप बसवतात. आतून जेमतेम वीस मिलिमीटर. वाटेत दोन बेंड, एक एल्बो, आणि सगळ्यावर फायबर मारलेलं, म्हणजे पाईप दिसतही नाही आणि निघतही नाही. बांधताना हिशेब चोख होता: एक वायर दिव्याला, एक हॉर्नला. त्या काळी बोटीवरचं सर्वांत हुशार यंत्र म्हणजे बोट चालवणारा तांडेल, आणि त्याला वायर लागत नसे.

आता आपल्या वाडवडिलांची ओळख करून देतो. पहिला वायरलेस, म्हणजे व्हीएचएफ संच. याची अँटेना काठीच्या टोकाला, हा स्वतः केबिनमध्ये. मग जीपीएस. मग फिश फाइंडर. याचा डोळा बोटीच्या तळाला आणि पडदा तांडेलासमोर. २००८ साली पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवून दहशतवादी मुंबईत उतरले, आणि तेव्हापासून सरकार प्रत्येक मासेमारी बोटीकडे जरा रोखून बघू लागलं. ओळखपत्रं आली, नोंदण्या आल्या, वीस मीटरच्या वरच्या बोटींना आपली जागा आपोआप कळवणारं एआयएस आलं. २०१० पासून इस्रोचं डॅट आलं. संकटात बटण दाबायचं, संदेश उपग्रहावरून बेंगळुरूला; इकडे मात्र तो पोचला की नाही हे कळायची सोय नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीचं डॅट आलं, ते पोच देतं. या सगळ्या खानदानात डॅट तेवढा सज्जन. आपली बॅटरी आपण घेऊन येतो, पाईपाकडे ढुंकून बघत नाही.

आणि ३० ऑगस्ट २०२४. त्या दिवशी पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींच्या ट्रान्सपॉन्डर योजनेचा देशभरासाठी शुभारंभ झाला. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख यंत्रं, ३६० कोटींच्या आसपास खर्च, यंत्र मोफत. समुद्रातून दोन्ही बाजूंनी संदेश जाणार. काम खरंच चांगलं आहे. ज्याचा माणूस वादळात बाहेर अडकला आहे, त्याच्या घरी जाऊन विचारा. त्याच मांडवात, त्याच दिवशी ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. हे बंदर नको म्हणून इथले मच्छीमार वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत. म्हणजे एका हाताने मच्छीमार कुठे आहे ते कळण्याचं यंत्र दिलं आणि दुसऱ्या हाताने तो जिथे असतो ती जागा घेतली. आपण येताना मासेमारी करायला अजून कुठे परवानगी आहे, तेवढं पडद्यावर दाखवता आलं तर पाहावं.

असो. गणितावर येऊ. तीन किंवा जास्त वायरी असल्या तर पाईपाच्या पोटातली चाळीस टक्क्यांहून जास्त जागा भरू नये, असा आमच्या धंद्यातला आडाखा आहे. अँटेनाची वायर पाच मिलिमीटर, फिश फाइंडरची सात, बॅटरीची दोन तारांची जाड वायर दहा. वर्तुळांची क्षेत्रफळं मांडून बघा: त्रेचाळीस टक्के होऊन गेले. आपण अजून खोक्याबाहेरही पडलेला नाहीत.

शिवाय त्यात मेलेल्या वायरी असतात, त्या वेगळ्याच. यंत्र बिघडतं, विकलं जातं, भंगारात जातं. वायर तिथेच राहते. "असू दे, न जाणो कशाची असेल," असं प्रत्येक जण म्हणतो. एकदा अशी एक ओढून काढली. वरचं आवरण कडक होऊन कुडकुड तुटत होतं, आतली तांब्याची तार हिरवीगार, टोकाला मिठाचे खडे, आणि मागोमाग दोन झुरळं. त्यांना पाईपाची रुंदी पुरेशी वाटत असावी.

आपण म्हणाल, मी तर वायर, बारीकच आहे. वायर बारीक असते हो, तिच्या टोकाचा प्लग बारीक नसतो. वायरलेसच्या अँटेनाचीच गोष्ट घ्या: वायर पाच मिलिमीटर, आणि टोकाचा पितळी प्लग अठरा. तो कापून वायर ओढता येते, पण पुन्हा बसवताना झाळणं जमलं पाहिजे, तेही हलत्या बोटीत. फिश फाइंडरचा प्लग तर कारखान्यातच ओतून बंद केलेला. त्याची वायर मध्येच कापून जोडली, की जोडात खारं पाणी शिरतं, इंजिनाच्या आल्टरनेटरची खरखर आत येते आणि पडद्यावर मासेच मासे दिसू लागतात. जाळ्यात मात्र पाणी.

ओढण्याची रीत अशी. मोकळ्या पाईपात नायलॉनच्या धाग्याला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधून कॉम्प्रेसरने हवा मारली की धागा पलीकडे निघतो. भरलेल्या पाईपात हवा जातच नाही. मग एक मेलेली वायर शोधायची, तिच्या शेपटीला नवी वायर आणि सोबत एक रिकामी दोरी बांधायची, गाठ टेपने निमुळती करायची, वरून भांड्याचा पातळ साबण सोडायचा. ग्रीस लावू नये, त्याने आवरण फुगतं. एकाने केबिनमध्ये ओढायचं, दुसऱ्याने खाली ढकलायचं. खालच्याला वरचं ऐकू येत नाही. "सोडतोयस ना?" "सोडतोय!" "मग येत का नाही?" एल्बोपाशी आलेली असते. तिथे जोर केला तर जुन्या वायरची साल निघते, आणि आपल्यासाठी आपला थोरला भाऊ कायमचा गप्प होतो. भरती आली की बोट हलते आणि खालच्याचं डोकं तुळईवर आपटतं. मग जे बोललं जातं ते वरच्याला स्पष्ट ऐकू येतं.

या अडचणीला कंटाळून काही जण बारीक वायर टाकतात. जाते सरळ. एक चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीपासून फिरतफिरत दहा मीटर; बोलताना पंचवीस वॅटचा वायरलेस सहा अँपिअरच्या आसपास ओढतो. जाऊन-येऊन दोन व्होल्ट रस्त्यातच संपतात. बारातले दहा उरतात. नुसतं ऐकायला काही अडत नाही, संच छान बोलतो. चॅनेल सोळावर मदत मागायला बटण दाबलं, की दिवा मंद होऊन बंद. चार चौरस मिलिमीटरची घातली तर अर्धाच व्होल्ट जातो, पण ती पाईपात मावत नाही. मागे एक यंत्र आलं होतं, नाव घेत नाही. त्याची वायर शेवटी केबिनच्या खिडकीतून घेतली. खिडकी पावसाळाभर तेवढ्या फटीने उघडी.

तेव्हा नम्र विनंती अशी, की आपल्या उद्घाटनाला जो कुणी येणार असेल त्याला तत्पूर्वी एकदा आमच्या बोटीच्या डेकखाली पाठवा. फार वेळ नको, एक वायर ओढून होईपर्यंत. आपण स्वतः येताना प्लग सुटा आणा, वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तारेची आणा. आणि नव्या बोटींचं अनुदान मंजूर करणाऱ्या कागदावर इंजिनाच्या अश्वशक्तीखाली एक ओळ वाढवता आली तर बघा: पन्नास मिलिमीटरचा रिकामा पाईप, आत दोरीसह. बोटीच्या किमतीत तो दिसणारही नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वायरमन, बोईसर

ता. क.: खोक्यावर वजन आणि वॉरंटी छापाल, तशी प्लगची जाडीही छापा. अठराच्या वर असेल तर एप्रिलमध्येच कळवा. पाईप बदलायचा म्हणजे फायबर फोडावं लागतं, आणि पावसात मारलेलं फायबर धड सुकत नाही.